कुणाकडं आलायसा?

कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं होतं, "कुणाकडं आलायसा?" जाऊबाईंनी गाडी चिंचेच्या सावलीत घेतली होती. मी काच खाली केली, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तेवढ्यात हा प्रश्न आला. "कुणाकडं न्हाई, खिद्रापूरला देऊळ बघायला निघालोय," मी म्हटलं. त्यांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा आम्हा दोघींकडं, मग मान लांब करून मागच्या सीटकडं. एखादा पुरुष माणूस, गेला बाजार एखादं पोरगं तरी असेल, असं वाटलं असावं. तिथं फक्त डबा, शबनम आणि एक छत्री होती. "बरं, मग सरळ जावा की," म्हणून त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली आणि आमच्याकडचं लक्ष काढून घेतलं. रागानं नव्हे, तुच्छतेनंही नव्हे. ज्याचं गावात काही काम नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय, इतक्या सहज. जाऊ हसून म्हणाली, "सुटलो बाई!" आणि तिनं गाडी काढली. मला मात्र सुटल्यासारखं वाटेना.

कारण या टापूत या प्रश्नाला माझ्याकडं एकेकाळी पक्कं उत्तर होतं. माझी आत्या अकिवाटच्या अलीकडं दिलेली. मे महिन्यात आईबरोबर लाल एसटीनं कुरुंदवाड, तिथं तासभर फलाटावर बसून दुसरी गाडी, आणि उतरल्या उतरल्या पाराखालून कुणीतरी हेच विचारायचं. आई पदर सावरून आत्याच्या सासऱ्यांचं नाव सांगायची आणि पुढचं सगळं आपोआप व्हायचं. पिशवी कुणाच्या तरी हातात जायची, एखादं उघडं पोरगं पुढं पळत सुटायचं, "कोल्लापूरचं पावणं आल्यात" म्हणत, आणि आम्ही पोचेपर्यंत आत्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी असायची. तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आत पाऊल नाही. मग सोप्यात घोंगडं, कांद्यावर बुक्की, दह्याचा वाडगा. तिथून खिद्रापूर सायकलनं जाण्याच्या अंतरावर. पण इतक्या सुट्ट्या तिथं काढल्या, त्यात एकदाही कुणी म्हटलं नाही की चला, पोरांना देऊळ दाखवू. मामांना एकदा विचारलं होतं. "दगडं हायत रं ती. बघायची काय?" म्हणाले. आम्ही आत्याकडं आलो होतो. आत्याकडं आलेल्या माणसानं आत्याकडं राहायचं असतं.

खिद्रापूर मी पहिल्यांदा बघितलं ते आत्या गेल्यानंतर.

तर यावेळी आम्ही दोघी जावा निघालो होतो. सांगली रस्ता धरून हातकणंगले-जयसिंगपूर केलं असतं तर लवकर पोचलो असतो. पण धाकटीला मोठ्या रस्त्यांचा कंटाळा आहे. "तिथं नुसते ढाबे आणि शोरूम, ताई. आपण आपलं आतनं जाऊ." म्हणून गडमुडशिंगीवरून पट्टणकोडोली, हुपरी. कार्तिकातली सकाळ, उसाला तोड लागलेली. समोरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यावर लाऊडस्पीकर, आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस गाडीच्या आरशाला घासून जातोय. उसाच्या पाचटाचा एक कोरडा गोड वास असतो, आणि कारखाना जवळ आला की त्यात मळीचा आंबूस वास मिसळतो. बाहेरच्या माणसाला तो सोसत नाही. मला तो आला की आपल्या मुलखात असल्यासारखं वाटतं, त्याला काय करणार. पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाची यात्रा होऊन काही दिवस लोटले होते, तरी देवळाच्या दगडांच्या सांध्यांत भंडारा तसाच पिवळा धमक बसलेला. यात्रेला इथं भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, खारीक-खोबरं उधळतात, आणि फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला महाराष्ट्र-कर्नाटकातले धनगर येतात. पाऊस कसा पडेल, धान्याचे दर काय राहतील, राजकारणात काय उलथापालथ होईल, सगळं त्या भाकणुकीत. जाऊनं चिमूटभर भंडारा कपाळाला लावला, थोडा माझ्या. दिवसभर आम्ही दोघी आरशात बघून हसत होतो.

हुपरीत थांबायचं नाही असं ठरवून आम्ही थांबलोच. चांदीचं गाव. पैंजण, जोडवी, करदोटे, वाळे, आणि त्यातलं कितीतरी काम दुकानात नव्हे, घराघरात चालतं. दुपारचा भात टाकून बाई कड्या जोडायला बसते. एका ओट्यावर बसलेल्या मुलीपुढं ताटलीत घुंगरांचा ढीग, एवढेसे, मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे, आणि ती चिमट्यानं एकेक उचलून बसवत होती, तोंडानं फोनवर बोलत. तिनं वर बघून विचारलं, "घ्यायचं हाय का बघायचं हाय?" हा प्रश्न मला आवडला. स्वच्छ. आम्ही म्हटलं बघायचं, आणि तिनं बघू दिलं.

इचलकरंजीविषयी फार सांगत नाही. पंचगंगा ओलांडताना पुलावर काच वर करावी लागते, पाण्याचा रंग बघून वाईट वाटतं, आणि गावात शिरलं की कुठल्याही बोळात मागांचा खटखटाट भिंतीतून बाहेर येतो. रविवारी लाइट गेली की अख्खं गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं, असं तिथली माझी मैत्रीण म्हणायची.

शिरढोणवरून कुरुंदवाडला आलो तेव्हा अकरा वाजले असतील. कुरुंदवाड म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, तेही थोरली पाती आणि धाकटी पाती असं दोन वाटण्यांचं. आम्ही थोरली-धाकटी जावा त्यावरून एकमेकींना चिमटे काढत घाटावर उतरलो. कृष्णा-पंचगंगेचा संगम इथंच. पलीकडच्या काठावर नरसोबाची वाडी, इकडं कुरुंदवाडचा घाट. या घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी आहे असं मानतात. ज्या माणसाच्या नावानं मोगलांची घोडी पाणी पीत नव्हती म्हणतात, त्याच्या जवळ आता बायका गोधड्या धूत होत्या आणि एक म्हैस पाण्यात शिरून हटून बसली होती. मला ते गैर वाटलं नाही. याच गावात गणपतीच्या दिवसांत मशिदींत गणपती बसतो. हे बाहेरच्यांना सांगितलं की डोळे विस्फारतात आणि लगेच लेख लिहायला घेतात. गावातल्याला विचारलं तर तो म्हणतो, पहिल्यापासनं हाय. आत्याच्या गावाला जाताना आम्ही कुरुंदवाडच्या स्टँडपलीकडं कधी काही बघितलं नव्हतं. घाट, संगम, समाधी, सगळं पाठीमागं होतं आणि आम्ही दुसऱ्या गाडीची वाट बघत शेंगा सोलत होतो.

इथून खिद्रापूरला सरळ जाता येतं. मीच म्हटलं, हेरवाडवरून घे. जाऊनं का म्हणून विचारलं नाही. हेरवाड हे गाव मे २०२२ मध्ये सगळ्यांना ठाऊक झालं. तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. महिन्याच्या आत सरकारनंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. माझी आत्या तिशीत विधवा झाली. पुढची सगळी वर्षं ओटी भरायची वेळ आली की ती चुलीपुढं काहीतरी काम काढून बसायची. भाकरीचा तुकडा ओवाळायला मात्र तीच असायची, कारण ते शुभकार्य नव्हतं, दृष्ट काढणं होतं, आणि तेवढं तिच्याकडं ठेवलेलं होतं. हेरवाड तिच्या गावापासून कितीसं लांब! ठरावाची बातमी वाचली तेव्हा ती नव्हती. गावात वेशीवर तसं काही वेगळं दिसत नाही. किराणा दुकान, दूध संस्था, ग्रामपंचायतीची इमारत, उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या. मला नक्की काय बघायचं होतं मलाच सांगता आलं नसतं. एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन गेली, तिच्या कपाळावर टिकली होती की नाही हे बघायला मी मान वळवली आणि माझाच मला राग आला.

पुढचा मुलूख सपाट आणि काळा. नदीच्या मळीची जमीन, वांगी प्रसिद्ध, ऊस तर विचारूच नका. पण मधेच एखादा तुकडा असा येतो की त्यावर काही नाही, वर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर. उसाला पाणी पाजून पाजून, निचरा नाही म्हणून मीठ वर आलेलं. शिरोळ तालुक्यात असं कितीतरी रान क्षारपड झालं. आता जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढतात आणि काही रानं परत पिकायला लागलीत. आत्याच्या दिराचा एक तुकडा असाच पांढरा पडला होता, तिथं आम्ही पोरं क्रिकेट खेळायचो. भिंतींवर पुराच्या खुणा आहेत, २००५, २०१९, २०२१, लोकांनी रंगानं रेघा मारून साल लिहिलेलं. २०१९ची रेघ एका घराच्या दाराच्या चौकटीवर आहे. पावसाळ्यात इथं लहान पोरालाही खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणात किती पाणी हाय ते पाठ असतं. आणि तरी माणसं पूर ओसरला की चिखल उपसून त्याच चौकटीत परत राहायला येतात. सैनिक टाकळीतून गेलो. घराघरातून माणसं फौजेत गेलेलं गाव. जाऊ म्हणाली, "इथल्या बायकांनी किती रस्ता बघितला असेल ना." मी काहीच बोलले नाही. रस्ता बघणं आणि रस्त्यावरून जाणं यात बायकांच्या वाट्याला पहिलंच जास्त आलं, हे तिला मी काय सांगणार. तिचे वडील फौजेत होते.

आमच्या आयांना आणि आज्यांना हे सगळे रस्ते ठाऊक होते. पण ते ठाऊक असण्याची कारणं ठरलेली. माहेर, सासर, लेकीचं बाळंतपण, लग्न, मयत. देवाला म्हणून वाडी, जोतिबा, आदमापूर. देवाकडं जाणं हेही कुणाकडं तरी जाणंच. नुसतं बघायला म्हणून बाई घरातून निघाली आणि गावातल्या कुणाच्या घरी न शिरता परत आली, असं माझ्या आजीच्या वेळी घडलं असतं तर गावानं आणि घरानं दोघांनीही कारण मागितलं असतं.

खिद्रापूरचं कोपेश्वर याच विषयावरचं देऊळ आहे, हे मला यावेळी तिथं उभं राहिल्यावर सुचलं. गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दक्षानं यज्ञ केला, लेकीला-जावयाला बोलावलं नाही. सती तरी निघाली, बापाचं घर म्हणून. बरोबर नंदी घेतला. तिथं अपमान झाला, तिनं स्वतःला अग्नीत टाकलं. शंकर कोपला, तो कोपेश्वर. विष्णू त्याला शांत करायला आला, तो धोपेश्वर, म्हणून गाभाऱ्यात शेजारी शेजारी दोन लिंगं. आणि देवळापुढं नंदी नाही, कारण तो सतीबरोबर गेला तो गेलाच. नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात. न बोलावता माहेरी गेलेल्या बाईची ही गोष्ट. शिलाहारांनी बाराव्या शतकात एवढं मोठं देऊळ उभं केलं, देवगिरीच्या सिंघण यादवानं शके ११३६ मध्ये शिलालेख कोरून दान दिलं, शिल्पकारांनी पायाशी चहूबाजूंनी हत्तींची रांग बसवली आणि सगळ्या देवळाचा भार त्यांच्या पाठीवर दिला, आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर एका घरी आमंत्रण गेलं नाही.

पुढचा स्वर्गमंडप तर पोटात गोळा आणतो. अठ्ठेचाळीस खांब, कुणी गोल, कुणी चौकोनी, कुणी अष्टकोनी, एकच खांब खालून वर जाताना आकार बदलतो. मधे छपराला मोठं गोल भगदाड, मुद्दाम सोडलेलं, आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल एकसंध शिळा. भोवती आतल्या बाजूला वाहनांवर बसलेले दिक्पाल. शिळेवर उभं राहून वर बघितलं तर आभाळाचं एक निळं ताट दिसतं. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो, ते बघायला आता इतकी गर्दी होते की चंद्रापेक्षा मोबाइलचे उजेड जास्त, म्हणून आम्ही ती रात्र टाळून आलो होतो. दगड काळाभोर बेसॉल्ट, दुपारच्या उन्हानं बाहेरून तापलेला आणि आत पाय ठेवला की थंडगार. हत्तींच्या सोंडा बहुतेक तुटल्यात. एका तुटक्या सोंडेच्या खाचेत कुणीतरी झेंडूचं फूल खोचलं होतं. जाऊ शिळेवर आडवी झाली. राखणदार काही बोलला नाही. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं मात्र खोळंबलं. ती डोळे मिटून म्हणाली, "ताई, मला इथं कुणी ओळखत नाही, याचं किती बरं वाटतंय तुम्हाला कळणार नाही." कळलं मला. कोल्हापुरात तिला महाद्वारात हिरवी मिरची घेताना बघितलं तरी संध्याकाळी ते आमच्या घरी पोचलेलं असतं.

बाहेर आलो. जवळच जुनी जैन बस्ती आहे, ती बघितली, नदीकडं गेलो. पलीकडं जुगूळ, म्हणजे कर्नाटक. परत गाडीकडं येताना एका दारात बसलेल्या म्हातारीनं हाक मारली. हातात वांग्यांची पाटी, बोलणं कानडी हेलाचं. तिनंही तेच विचारलं. यावेळी मी उत्तर देण्याआधी जाऊच बोलून गेली, "ह्यांची आत्या दिलेली होती, अकिवाटच्या अलीकडं." बस्स. म्हातारीनं पाटी खाली ठेवली. कुणाची कोण, कुठल्या गल्लीतली, मळा कुठला, दीर कोण, जाऊ कुठली, असं विचारत विचारत तिनं पाच मिनिटांत आत्याच्या जावेचं माहेर आपल्या चुलत्याच्या घराशी नेऊन भिडवलं. "मग आमच्यातलीच की गं तू!" उन्हात उभी होते ती मी एकदम सोप्यात बसले होते, आणि हातात स्टीलच्या कपात गूळ जास्त झालेला चहा. आत्या तिला आठवत होती. कशी, तर "कपाळ मोकळं, पर हसायची लई," अशी. मला भरून आलं, आणि त्याच वेळी दिसत होतं की जाऊ घड्याळाकडं बघतेय. तिला वाडीला उजेडात पोचायचं होतं, दत्ताचं दर्शन झालं की घाटावर बसून बासुंदी खायची होती. तिला जे मोकळं मिळालं होतं ते तिनंच एका वाक्यात माझ्या आत्याला देऊन टाकलं होतं. आता चहानंतर पोहे, पोह्यांनंतर सुनेच्या नातेवाइकांची यादी. निघताना वांगी, कढीपत्त्याची फांदी, आणि "आता आलीस की हितंच यायचं, देवळात काय ठेवलंय!"

मामांचंच वाक्य, फक्त चहासकट.

वाडीला पोचेपर्यंत दिवे लागले. आम्ही पादुकांना हात जोडले, कवठाची बर्फी घेतली, बासुंदी गाडीत बसून खाल्ली. शिरोळवरून जयसिंगपुरात आलो. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं हे गाव, कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कडेला. ती रेल्वे १८९१ पासूनची. रस्ते आखून काढलेले आणि गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पाचवी गल्ली, अकरावी गल्ली. जाऊला ते गाव फार आवडतं. "नंबर सांगा, पोचा. कोण कुणाचं, काही नाही." मी म्हटलं, नंबराच्या घरात तरी माणूस लागतोच की. ती म्हणाली, "लागू दे. पण त्याला आधी ठाऊक असतं आपण येणार. रस्त्यात उभं राहून सांगावं नाही लागत." यावर आमचं हातकणंगलेपर्यंत चाललं. तिचं सगळंच खोटं नव्हतं. मला चहा मिळाला तो माझ्या आत्यामुळं. ज्या बाईची त्या टापूत आत्या नाही, मावशी नाही, जिची जात-गाव सांगितल्यावर सोप्यात बसायला सांगतीलच असं नाही, तिला त्याच दारात काय मिळालं असतं, हे मी गाडीत बसून मनात घोळवत होते आणि मोठ्यानं बोलत नव्हते.

घरी वांग्यांचं भरीत झालं. सासूबाईंना देऊळ कसं होतं यात काडीचा रस नव्हता, पण आत्याच्या जावेच्या माहेराचा धागा त्यांनी दोनदा सांगायला लावला आणि तिसऱ्यांदा आम्हालाच दुरुस्त करून सांगितला. मग जाऊ बोलून गेली की पुढच्या वेळी नदीपलीकडं यडूरला जायचं, तो नंदी बघायचा, वीरभद्राचं देऊळ बघायचं, चिकोडीकडून वळून निपाणीवरून परत. सासूबाई उठल्या, देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमधून पेन्शनच्या पावत्यांत ठेवलेली जुनी डायरी काढली. त्यांच्या मावसबहिणीची नणंद चिकोडीत आहे म्हणे. जाऊनं माझ्याकडं असं बघितलं की ताई, घेऊ नका, अजिबात घेऊ नका. मी तोवर नंबर फोनमध्ये घातला होता. आडनाव कानडी होतं, ते सासूबाईंनी मला अक्षर अक्षर सांगितलं.